पटावरचे नाव

आमच्या घरी 'मी' असे कोणी म्हणत नाही. अब्बा 'हम' म्हणायचे, अम्मी आजही 'हम' म्हणते, आणि मराठीत लिहायला बसलो की तेच 'आम्ही' होऊन कागदावर उतरते. त्यात मोठेपणा काही नाही, सवय आहे. या लेखात तर ती सवय बरीच म्हणायची. कारण जी चूक सांगायची आहे ती एकट्याची नाही. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा पुष्कळांची आहे.

आमचे घर अमरावतीत, नोकरी अकोला जिल्ह्यातल्या एका गावात. शाळा आठवीपर्यंत. शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने मूर्तिजापूर, तिथून गाडीने बडनेरा, मग अमरावती. सोमवारी पहाटे पुन्हा उलटा प्रवास. बारा वर्षे हे चालले आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतली एक मुलगी पोळ्यानंतर शाळेत आलीच नाही. हुशार होती, गणितात वर्गात पहिली. आम्ही चौकशी केली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, मशीनवर बसते, पिको-फॉल शिकते. आम्ही तिचे नाव कमी करायला हजेरीपट काढला, तर मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाजी, रहने दो. तीस तारीख निकल जाने दो."

तीस तारीख म्हणजे ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटसंख्येवर शाळेची संचमान्यता ठरते. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या यादीत जातो. आमच्या शाळेत असा कोण जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. सर्वात शेवटी लागलेल्या एका भावाचा नंबर होता, आणि त्याच्या घरी नुकतेच तिसरे मूल झाले होते. आम्ही पट मिटला. महिनाभर त्या मुलीच्या नावापुढे कधी हजर, कधी गैरहजर अशी खूण होत राहिली. दिवाळीनंतर नाव काढताना कारणाच्या रकान्यात लिहिले : 'पालकांचे स्थलांतर.' तिचे पालक कुठेही गेले नव्हते. त्यांचे घर शाळेच्या गच्चीवरून दिसते.

एका मुलीबद्दल आम्ही दोनदा खोटे लिहिले. आधी ती शाळेत आहे असे लिहिले, मग ती गावातच नाही असे लिहिले. तिने शाळा सोडली, हे मात्र कुठल्याच कागदावर आले नाही.

२००६ साली आम्ही अकरावीत होतो. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने आपला अहवाल पंतप्रधानांना दिला आणि महिनाअखेर तो संसदेत मांडला गेला. अमरावतीच्या आमच्या मोहल्ल्यात उर्दू अखबार हातोहात फिरत होते. अब्बांनी पूर्ण पान वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "ये तो हमें मालूम ही था." चहाच्या टपरीवर हेच, मशिदीबाहेर हेच. आपण मागे आहोत हे आपल्याला सांगायला दिल्लीहून माणसे कशाला हवीत?

तेव्हा आम्हालाही ते पटले होते. आता पटत नाही. माहीत असणे वेगळे आणि नोंद असणे वेगळे. जे माहीत असते पण नोंदलेले नसते, त्याच्यावर कोणी धोरण आखत नाही, कोणी पैसा ठेवत नाही, आणि कोणी ते खोडूनही काढू शकत नाही. शिवाय आपल्याला जे 'माहीत' असते ते नेहमी खरे असतेच असे नाही.

सच्चर समितीच्या अहवालातलेच पाहा. मुसलमानांची मुले मदरशात जातात, म्हणून ती मागे राहतात, हे देशभर सर्वांना 'माहीत' होते. समितीने मोजले तेव्हा शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी निघाली जेमतेम ३ टक्के. उलट ६ ते १४ वयातली २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधूनच सुटली होती. चर्चा तीन टक्क्यांची चालली होती आणि पंचवीस टक्क्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. आणखी एक आकडा आपल्या महाराष्ट्राचा. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के, आणि राज्यातल्या मुसलमानांची ७८.१ टक्के. म्हणजे आपली मुले शाळेची पायरी चढतात. प्रश्न पुढच्या पायऱ्यांचा आहे. एवढे एक वाक्य कळायला मोजावे लागले.

मोजून धोरण आखण्याची ही रीत काही नवी नाही. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली कोल्हापूरच्या गादीचा कारभार पाहू लागले तेव्हा दरबारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. तो आकडा समोर ठेवूनच २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. याच महाराजांनी पुढे १९०६ साली मुसलमान मुलांच्या तालिमीसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली. अन्याय होतो आहे अशी तक्रार पूर्वीही असणारच. ७१ पैकी ६० हे मात्र कोणाला नाकारता आले नाही.

पण आकडा हाती आला म्हणजे काम झाले, असेही नाही. मोजायचे कसे, कोणत्या हद्दीत मोजायचे, हे ठरवणारा माणूसच अर्धे धोरण ठरवून मोकळा होतो. याचा धडा आम्हाला आमच्या वऱ्हाडातच मिळाला.

सच्चर अहवालानंतर केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची वस्ती जास्त असलेले देशातले ९० मागास जिल्हे निवडले आणि २००८-०९ पासून तिथे बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू केला. शाळाखोल्या, वसतिगृहे, अंगणवाड्या, घरकुले. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात आले : परभणी, हिंगोली, बुलढाणा आणि वाशीम. अकोला नाही, अमरावती नाही. अकोल्यात मुसलमानांचे प्रमाण वाशीमपेक्षा जास्त, तरी नाही. कारण निवड नुसत्या लोकसंख्येवर नव्हती. साक्षरता, स्त्रियांची साक्षरता, कामाचे प्रमाण, पक्की घरे, पाणी, वीज, संडास यांची जिल्ह्याची सरासरी पाहिली जात होती. ज्या जिल्ह्याच्या पोटात अकोल्या-अमरावतीसारखे मोठे शहर असते त्याची सरासरी शहर वर ओढते. मग त्या सरासरीखाली बाळापूर-पातूरकडची खेडी झाकली जातात, आणि शहरातला अकोट फैलही झाकला जातो.

आणि हद्द तरी कोणती? वाशीम हा जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून काढलेला. आमचे मामू कारंज्याला असतात. त्यांची बिरादरी तीच, धंदा तोच, कच्चे घर तसेच. १९९८ साली नकाशावर एक रेघ ओढली गेली, आणि दहा वर्षांनी त्या रेघेने ठरवले की वसतिगृहाचा पैसा मामूंच्या जिल्ह्यात जाईल आणि आमच्यात येणार नाही. रेघ ओढणाऱ्याच्या मनात असे काही नसणार. पुढे २०१३ मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका आणि शहर हे माप धरले गेले. जिल्ह्याची सरासरी फसवी आहे हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर माप बदलले, ही त्यातली चांगली बाब. पण पाच वर्षे गेली. पाच वर्षांत पाचवीतली मुलगी दहावीला पोहोचते, किंवा पोहोचत नाही.

आमच्या राज्यानेही मोजणी केली. २००८ मध्ये डॉ. महमूद-उर-रहमान यांचा अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल आला २०१३ मध्ये. त्याच्या आणि सच्चर अहवालाच्या आधाराने जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण आणि मुस्लिमांचे नोकऱ्यांतील आरक्षण या दोन्हींना स्थगिती दिली, पण सरकारी शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशाचे पाच टक्के मात्र रोखले नाहीत. कोर्टापुढे तेवढा पुरावा टिकला. पण टिकलेला पुरावा पुढे न्यायला कोणी नव्हते. अध्यादेशाचा कायदा झाला नाही, मुदत संपली, विषय संपला. पुरावा आपल्या पायांनी चालत नाही, हे आम्ही त्या हिवाळ्यात शिकलो.

याची दुसरी बाजूही आमच्याच जिल्ह्याने पाहिली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील ओबीसी आरक्षणाबद्दल निकाल दिला. त्यात अकोला आणि वाशीमच्या जिल्हा परिषदाही होत्या. निवडून आलेल्या सदस्यांच्या जागा गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. पन्नास टक्क्यांची मर्यादा हे एक कारण होते, आणि ताजी पाहणी करून गोळा केलेली माहिती नाही हे दुसरे. त्या दिवसांत 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द पानठेल्यावर ऐकू यायचा. आपल्यातल्या बागवान, तांबोळी, मोमीन बिरादरीच्या लोकांनाही त्याची झळ लागली, कारण तेही ओबीसीत आहेत. एकीकडे पुरावा असून पुढे गेला नाही. दुसरीकडे पुरावा नाही म्हणून हातातले गेले.

एवढे सगळे आम्ही वाचत होतो, शिक्षकांच्या बैठकीत तावातावाने बोलत होतो, आणि त्याच हातांनी त्या मुलीच्या नावापुढे 'स्थलांतर' लिहीत होतो.

दिल्लीत किंवा मुंबईत जो आकडा छापला जातो तो कुठे जन्मतो? तो कोणा प्राध्यापकाच्या टेबलावर जन्मत नाही. जनगणनेला दारोदार आम्हीच जातो. शाळाबाह्य मुलांची पाहणी आम्हीच करतो. यूडायसचा तक्ता पूर्वी कागदावर असे, आता पोर्टलवर असतो, भरणारे आम्हीच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली तेव्हा आम्ही अमरावतीत बी.एड. करत होतो. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजले गेले आणि पटावर नुसतीच नावे असलेली लाखो मुले उघडी पडली. आम्ही तेव्हा संस्थाचालकांना नावे ठेवली होती. दहा-बारा वर्षांत आम्ही स्वतः त्या रांगेत उभे राहिलो.

ऑगस्ट २०२३ मध्ये अल्पसंख्याक शिष्यवृत्तीची बातमी आली. केंद्रीय मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट निघाल्या, आणि पाच वर्षांत १४४ कोटींचे नुकसान झाले. हे सच्चर अहवालानंतर २००८ मध्ये सुरू झालेल्या शिष्यवृत्तीचे हाल. पैसा कोणी खाल्ला ते तपास यंत्रणा पाहील. आमच्या मनात आले ते वेगळे. खोट्या नावांनी खऱ्या मुलांची साक्ष निकामी केली. उद्या कोणी म्हटले की या कौमचे आकडेच भरवशाचे नाहीत, तर काय उत्तर देणार?

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी आम्ही दोघीजणी, म्हणजे आम्ही आणि विज्ञानाच्या टीचर, त्या मुलीच्या घरी गेलो. वडील जिनिंगमध्ये हमाली करतात, ते कामावर गेलेले. अम्मीने चटई टाकली, पाणी दिले. आमच्या डोक्यात ठरलेले भाषण होते : मुलींना शिकवा, इल्म घेणे फर्ज आहे, वगैरे. खरे सांगायचे तर वर्षानुवर्षे आम्ही हेच 'माहीत' धरून चाललो होतो की आपल्या लोकांना मुलींच्या शिक्षणाची आवडच नाही. सभांतून, गॅदरिंगमधून हेच बोललो होतो.

अम्मी म्हणाली, "आपा, हमकू पढाना नहीं होता तो आठवी तक भेजते क्या? नववी तो तालुके में है. स्कूल पाँच बजे छूटती, आखरी बस साडेचार की. लडकी आयेगी कैसी? नववी में भेजना ही नहीं, तो आठवी पूरी करके क्या करना? दो पैसे का हुनर सीखेगी."

आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे नववीचे दार बंद आहे हे दिसले, की मूल आठवीतच मागे फिरते. इकडे आम्ही मात्र दोष घरात शोधत होतो.

त्या दिवसापासून आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. मागच्या चार वर्षांत आमच्या शाळेतून गेलेल्या मुलींची नावे जुन्या पटांवरून उतरवली. एकेका घरी जाऊन विचारले, आणि जे सांगितले तेच लिहिले, आमचे मत लिहिले नाही. कोणाचे लग्न झाले होते, असे दोन घरी निघाले. एका घरी आई आजारी. एका मुलीच्या दाखल्यावर जन्मतारीख एक, आधारवर दुसरी, म्हणून पुढचा प्रवेश अडला होता. आणि बाकी बहुतेक घरांत तेच उत्तर, बस. शिकवायचे नाही, असे एकाही घराने म्हटले नाही. सच्चर समितीला मदरशांबद्दल जे दिसले, तसलेच काहीसे आमच्या एका गल्लीत आम्हाला दिसले. आमचे 'माहीत' चुकीचे होते.

मग शासनाच्या कागदाकडे पाहिले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. मोफत आणि सक्तीचे शिक्षण आठवीपर्यंत. २०२२-२३ पासून केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, ती याच आधारावर, की आठवीपर्यंत कायद्याने शिक्षण मोफतच आहे. नववी-दहावीची ठेवली. कागदावर हे बरोबर दिसते. पण नववीची शिष्यवृत्ती घ्यायला आमची मुलगी नववीपर्यंत पोहोचते कुठे? महाराष्ट्रात खेड्यातल्या मुलींना एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मिळतो. पास आहे, शिष्यवृत्ती आहे, शाळा आहे. फक्त पाच वाजता बस नाही. तीन योजना अर्ध्या तासाने हुकतात. मुंबईतल्या कोणत्याही तक्त्यात हा अर्धा तास दिसणार नाही. तो त्या अम्मीला दिसतो, आणि तिच्या दारात गेले तर आम्हाला दिसतो.

आम्ही अर्ज लिहिला. मराठीत, नीट. कौमची व्यथा वगैरे काही लिहिली नाही. गाव, मुलींची संख्या, शाळा सुटण्याची वेळ, बसची वेळ, सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स. ज्या कचेरीत दिला तिथे तीन महिने तो पडून राहिला. पुन्हा गेलो. मग सरपंचांची सही घेतली. ते पाटील, त्यांच्या वाडीतल्या मुलींचीही तीच अडचण निघाली. एका बौद्ध वस्तीतल्या चार मुलींची नावे त्यांनीच जोडायला सांगितली. तेव्हा लक्षात आले की वही आम्ही आपल्या मोहल्ल्याची केली होती, पण प्रश्न साऱ्या गावाचा होता. आकडा मोठा झाला, अर्ज जड झाला. मागच्या जूनमध्ये शेवटची बस साडेचारची सव्वापाच झाली.

फार काही घडले, असे नाही. कायदा बदलला नाही, धोरण बदलले नाही. एका रस्त्यावरची एक बस पाऊण तास उशिरा निघते. पण या वर्षी आमच्या आठवीतून गेलेल्या मुली तालुक्याच्या गावी नववीत बसल्या आहेत.

आणि आमच्या पटावर? यंदा ३० सप्टेंबरला जी मुले नव्हती ती नाहीत असेच लिहिले. सरांशी वाद झाला. भाऊ समायोजनात गेला. बार्शीटाकळीकडच्या शाळेत आहे, रोज जाऊन-येऊन करतो. त्याच्या बेगमशी बोलताना आमची मान अजून वर होत नाही. खरे लिहिण्याची किंमत नेहमी लिहिणाराच देतो असे नाही, दुसराही देतो. हे आम्ही लपवणार नाही. पण पट खोटा ठेवून त्याची नोकरी वाचवली असती, तर नववीची मागणी कोणत्या तोंडाने केली असती? आमच्या कागदाप्रमाणे गावातून कोणी शाळा सोडतच नव्हते.

ती मुलगी परत आली नाही. मशीनवर हात बसला आहे, घरात तिचे पैसे येतात. वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव तिचेच आहे, आणि कारणाच्या रकान्यात आता 'बस' लिहिले आहे. तिची धाकटी बहीण सातवीत आहे. परवा अम्मी वाटेत भेटली. विचारले, "आपा, दो साल बाद बी ये बस चालू रहेगी ना?"

आगारातल्या बाबूंनी आम्हाला सांगून ठेवले आहे की प्रवासी दिसले तरच ही वेळ राहील. म्हणून संध्याकाळी त्या बसने उतरणाऱ्या मुली आम्ही मोजतो. आळीपाळीने, एक दिवस आम्ही, एक दिवस विज्ञानाच्या टीचर, शनिवारी पाटलांची सून. जेवढ्या उतरतात तेवढ्याच लिहितो. काल अकरा होत्या. आज पाऊस होता, सातच उतरल्या. सात लिहिल्या.